घोडी पाहावी निवडून

अंबाजोगाईच्या माणसाला घोडीची पारख शिकवायला जाऊ नये. निजामाच्या अमदानीत हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखलं जाई आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. त्या काळी गावातल्या पुष्कळ माणसांपेक्षा छावणीतल्या घोड्यांची चंदी अधिक वेळेवर होत असणार. पुढे छावणी उठली, १९४८ साली निजामाचं राज्यही गेलं, मोमिनाबादचं अंबाजोगाई झालं; पण घोडी हा शब्द काही गावातून हलला नाही. रंगारी जिच्यावर उभा राहून छताला चुना देतो ती घोडी. सुतार जिच्यावर फळी टाकून करवत चालवतो ती घोडी. नवरदेवाला जिच्यावर बसवून त्याच्या आयुष्यातली शेवटची रपेट घडवतात तीही घोडीच. आणि तंबोऱ्याच्या तबलीवर चार तारा डोक्यावर घेऊन जी मुकाट्याने बसलेली असते, तिचंही नाव घोडी.

या चौघींत ही शेवटची आकाराने सगळ्यात लहान आणि स्वभावाने सगळ्यात अवघड. बाकीच्या तिघींनी नुसता भार सोसला की त्यांचं काम संपतं. हिने भार सोसायचा, तारेला जागेवर धरून ठेवायचं, आणि गरज पडेल तेव्हा तिला हलूही द्यायचं. धरायचं आणि सोडायचं अशी दोन्ही कामं एकाच वेळी करणं घराघरातल्या सासवांना जमत नाही. ते या बोटभर वस्तूकडून अपेक्षित असतं.

हा सगळा विचार मला करावा लागला तो माझ्या भाच्यामुळे. भाचा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गिटार पुण्याहून जुनी आणलेली, रंगाने लालभडक, आणि तिच्या पोटावर एक वाकडा चकचकीत दांडा बसवलेला. हा दांडा दाबला की सगळ्या तारा ढिल्या होऊन सूर खाली घसरतो, आणि सोडला की स्प्रिंगच्या जोरावर वर येतो. गाण्यात विरहाचा प्रसंग असेल तर हा दांडा फार उपयोगी पडतो म्हणे. एके दिवशी भाचा गिटार घेऊन माझ्याकडे आला.

"मामा, दांडा दाबला की सूर खाली जायलाय. सोडला की वर यायलाय. पण जिथून गेला तिथं येईना."

"मग कुठं येतो?"

"शेजारी."

आमचे दाजी तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग दाबतोस कशाला?" गिटारच्या इतिहासात या प्रश्नाहून शहाणा प्रश्न कुणी विचारलेला नाही, हे मला पुढे वाचन वाढल्यावर पटलं. जगातले कितीतरी नामवंत वादक अखेर हा दांडा काढूनच टाकतात. पण भाच्याला ती मुभा नव्हती. गणपतीतल्या एका कार्यक्रमात दांडा दाबून सोडल्यावर गिटार एका सुरात आणि गाणारी मुलगी दुसऱ्या सुरात, असं अर्धं गाणं झालं होतं. पब्लिक हसलं. ऑर्केस्ट्राच्या मालकाने त्याला सांगून टाकलं होतं की लग्नसराईच्या आत वाद्य सुधार, नाहीतर लातूरचा दुसरा पोरगा तयार आहे. आमच्याकडे लग्नसराई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पट्टा पडला की परत येतात. ती आली की मग गावं भरतात आणि कार्यं निघतात. त्या दोन-अडीच महिन्यांत जो ऑर्केस्ट्रात असेल तो वर्षभर कलावंत. बाकीचे नुसते बेकार.

घरात एक जुना तंबोरा आहे, एवढ्या पुराव्यावर अक्काचा असा पक्का समज आहे की माझ्या भावाला घोडीतलं कळतं. तेव्हा नवी घोडी निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. आणि निवड करायची तर आधी कुळी पाहायला हवी. म्हणून मी इतिहासात शिरलो.

आपल्याकडची घोडी हाडाची, आणि तिची पाठ रुंद. तार तिच्या कडेवर टेकत नाही, पाठीच्या उतारावरून अलगद घासत जाते. त्या घासण्यातून जो रुणझुणता नाद उठतो त्याला जवारी म्हणतात. तंबोऱ्यात तर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागाही सरकवतात. केसभर इकडेतिकडे झाला तर तंबोरा मुका होतो, आणि नेमक्या जागी बसला की एका तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. हा प्रकार पाहून पदार्थविज्ञानही काही काळ गोंधळलं होतं. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकूच येऊ नये, असा एक नियम होता. तंबोऱ्याला हा नियम कुणी सांगितलेला नव्हता, त्यामुळे तो सगळेच उपस्वर ऐकवत असे. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्याला असताना १९२१ साली यावर निबंध लिहिला आणि ही किमया वक्र पाठीच्या घोडीची आहे हे दाखवून दिलं. नोबेल पारितोषिक त्यांना १९३० साली मिळालं ते प्रकाशाच्या कामासाठी. पण त्याआधी नऊ वर्षं हा थोर माणूस घोडीचा विचार करत होता, या गोष्टीने मला फार धीर आला.

या घोडीचं आपल्याकडचं मोठं गाव म्हणजे मिरज. तिथली हकिकत अशी सांगतात, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात उत्तरेकडचे गवई-बजवय्ये येत, आणि त्यांची वाद्यं प्रवासात मोडत. दुरुस्त करणार कोण? गावात फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. इंग्रजी अमलात तलवारींना मागणी राहिली नव्हती, तेव्हा हात रिकामा होता. त्यांनी वाद्य उघडून पाहिलं, दुरुस्त केलं, आणि मग स्वतःच सतार-तंबोरे घडवायला लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले कडू भोपळे मिरजेत येऊ लागले, आणि ज्या गल्लीत पाती परजली जात तिथे तारा जुळू लागल्या. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले ते काही उगाच नव्हे. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत आणि जवारी काढण्यात वाकबगार होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता रोग पाहा. वाजवून वाजवून तार हाडात रुतते, घोडीवर बारीक खाचा पडतात, आणि खाचेत अडकलेली तार मोकळेपणी हलत नाही. सतारीवर मींड ओढली की तार घोडीवरून किंचित सरकते आणि सोडल्यावर परत यायला पाहते. खाच असेल तर तिथेच रेंगाळते. यावर मिरजेचा इलाज शेदीडशे वर्षं तोच आहे. कारागीर तारा उतरवतो, घोडी कानशीने हळूहळू घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. यात मोजमाप नाही, पट्टी नाही. सगळा कानाचा आणि बोटांचा कारभार. घोडी दर काही वर्षांनी झिजणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं आहे, आणि कारागीर जवळ असणार हेही.

आमच्या बाजूला तंतुवाद्य म्हणजे मुख्यतः वारकऱ्यांची वीणा. हरिनाम सप्ताहात ती सात दिवस अहोरात्र खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जे वाद्य खालीच ठेवायचं नाही त्याची घोडी घासणार कधी? पण ती अडचण आजवर कुणाला जाणवलेली नाही, आणि सूर शेजारी गेला म्हणून विठ्ठलाने कुणाला महाद्वारातून परत पाठवल्याचं ऐकिवात नाही. ऑर्केस्ट्राचे मालक मात्र विठ्ठल नसतात.

विजेची गिटार आपल्याकडे आली ती आधी आडवी होऊन आली. १९३०च्या दशकात अमेरिकेत पहिल्यांदा जी विजेची गिटार विकली गेली ती हवाई पद्धतीची, मांडीवर ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवायची. हवाईचे ताऊ मो हे कलावंत १९४०च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहून ती वाजवत होते. पुढे व्हॅन शिपलींनी वाजवलेली सिनेमाची गाणी रेडिओवरून घरोघरी पोचली, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर रागसंगीत उभं केलं. १९६७ची त्यांची, शिवकुमार शर्मांची आणि हरिप्रसाद चौरसियांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका पुष्कळांच्या संग्रही असेल. या आडव्या गिटारला दांडा लागत नाही. कांडी सरकवली की सूर हवा तसा वळतो. मींड आपल्या रक्तात असल्याने आपल्याला ते आवडलं. पण ज्यांनी गिटार गळ्यात उभी अडकवली त्यांचा सूर पडद्यांच्या पायऱ्यांवर अडकला. जिना चढणं जमलं, घसरगुंडी गेली. ती परत मिळवायची म्हणून दांड्याचा शोध.

पहिला नाव घेण्याजोगा दांडा 'डॉक' कॉफमन या अमेरिकन गृहस्थांचा. १९२९ साली त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला. त्या दांड्याने सूर हलत असे, मात्र परत येण्याबद्दल काही हमी नव्हती. मर्ल ट्रॅव्हिस या प्रसिद्ध वादकाच्या गिटारला तो बसवलेला होता, आणि तो वैतागून ती गिटार घेऊन कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्स्बी नावाच्या माणसाकडे गेला. बिग्स्बी हा मोटरसायकलच्या कारखान्यात काम केलेला लोहकामातला कसबी. त्याने जुना दांडा दुरुस्त करायला घेतला, आणि तो जमेना म्हणून स्वतःचा नवा बनवला. आज भाच्याच्या गिटारवर आहे तो त्याच वंशातला. मिरजेत हत्यारं परजणारा, कॅलिफोर्नियात मोटरसायकली घडवणारा. दोघांच्याही दारात एक वैतागलेला कलावंत मोडकं वाद्य घेऊन उभा राहिला, आणि दोन्हीकडे लोखंडाच्या माणसाने सुराची सोय केली. संगीताच्या इतिहासात या मंडळींच्या तसबिरी लावत नाहीत. त्या लावायला हव्यात.

बिग्स्बीचा दांडा उत्तम, पण त्यात एक गोम आहे. दांडा दाबला की तार घोडीवरून पुढे सरकते, सोडला की मागे येते. हे सरकणं एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेरचं. आणि ज्या घोडीवरून ते व्हायचं, ती गिब्सन कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी यांची, १९५४ साली बाजारात आलेली. या घोडीवर प्रत्येक तारेला स्वतंत्र छोटं खोगीर असतं आणि ते स्क्रूने पुढेमागे करून तारेची लांबी बिनचूक लावता येते. स्थिर तारेसाठी याहून चांगली घोडी नाही. पण खोगिराला खाच असते, आणि जाड तारांवर बारीक तारेचा वेढा असतो. असली वेढ्याची तार खाचेतून मागेपुढे ओढणं म्हणजे कानशीच फिरवणं. खाच खोल होते, तार अडकते, आणि 'टिक' असा आवाज करून भलत्याच ठिकाणी थांबते. भाच्याचं 'शेजारी' ते हेच. गंमत म्हणजे १९६५-६६च्या सुमारास बिग्स्बीने आपली कंपनी विकली ती याच टेड मॅकार्टींना. तार सरकवणारा दांडा आणि तार अडवणारी घोडी अशी एका घरात नांदायला आली. बाहेरून पाहणाऱ्याला या भांडणात पडण्याचं कारण नव्हतं.

अडलेल्या तारेवर इलाज सांगणारे पुढे चार संप्रदाय झाले. पहिला म्हणतो, खाच गुळगुळीत करा, तार आपोआप सरकेल. हा आपल्या मिरजेचा. दुसरा म्हणतो, तार घोडीवर सरकायलाच नको, घोडीच तारेबरोबर डोलू दे. हा लिओ फेंडर यांचा. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, त्यामुळेच बहुधा डोकं शांत होतं. त्यांच्या १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये अख्खी घोडीच दांड्याबरोबर झुकते. नावाचा घोळ मात्र त्यांनी असा घातला की तो अजून निस्तरलेला नाही. सूर वरखाली होणं म्हणजे व्हायब्रेटो आणि आवाज लहानमोठा होणं म्हणजे ट्रेमोलो, असा संगीतशास्त्राचा संकेत. फेंडर यांनी सूर हलवणाऱ्या दांड्याला ट्रेमोलो म्हटलं, आणि आवाज लहानमोठा करणाऱ्या आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाला व्हायब्रेटो. साखरेच्या डब्यावर मीठ आणि मिठाच्या डब्यावर साखर लिहिलेलं घर जसं चालतं तसं गिटारचं जग तेव्हापासून चाललंय. सगळ्यांना डबे पाठ आहेत. पाहुण्यांची तेवढी पंचाईत होते.

तिसरा संप्रदाय कुलूपवाल्यांचा. फ्लॉइड रोझ यांना १९७९ साली पेटंट मिळालं. त्यांनी तारेला वर आणि खाली, दोन्ही टोकांना चक्क स्क्रूने आवळून टाकलं. जायलाच नको म्हणजे परत यायचा प्रश्न नाही. इलाज रामबाण आहे, पण त्यासाठी गिटारचं पोट पोखरावं लागतं, आणि दाजींच्या देखत ते करण्याची माझी तयारी नव्हती.

चौथा संप्रदाय चाकवाल्यांचा. यांचं म्हणणं सरळ आहे. तार सरकणारच असेल तर तिच्या खाली चाक द्या. प्रत्येक खोगिराच्या जागी एक बारीक खोबणीचं चाक, तार त्यावर. दांडा दाबला की चाक फिरतं, सोडला की उलटं फिरतं. विहिरीवरच्या रहाटाचंच तत्त्व, फक्त तांदळाच्या दाण्याएवढं. अमेरिकेतल्या ग्रेच कंपनीने १९५८च्या सुमारास चाकांची घोडी काढली होती, पण तिचा मूळ हेतू तारांमधलं अंतर कमीजास्त करता यावं हा होता. त्या कंपनीच्या पुष्कळ गिटारांवर बिग्स्बीचा दांडा असे, त्यामुळे चाकांचा हा दुसरा गुण लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पुढे चाकही आणि प्रत्येक तारेची लांबी लावायची सोयही, अशा दोन्ही गुणांच्या घोड्या जर्मनीत, जपानात आणि मग सगळीकडे होऊ लागल्या.

इतका इतिहास पाठ झाल्यावर भाच्याने मोबाइलवर विक्रीला असलेल्या चाकांच्या घोड्यांची यादी दाखवली. दासोपंतांनी याच गावात कागद पुरेना म्हणून लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ती यादी पासोडीवरही मावली नसती. पितळी, पोलादी, सोनेरी, काळ्या. सगळ्या दिसायला सारख्या आणि प्रत्येकीखाली 'सर्व गिटारांना बसते' असं लिहिलेलं. सर्वांना बसते असं ज्या स्थळाबद्दल सांगतात त्याची चौकशी जास्त करावी, हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

पण चौकशीआधी निदान. मी मिरजेच्या एका वृद्ध कारागिरांना फोन लावला. आमचा तंबोरा त्यांच्याकडचा. गिटार त्यांनी आयुष्यात हातात घेतलेली नव्हती. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "घोडी मागनं बदला. तार अडकते कुठं ते आधी ऐका. तारेला दोन उंबरे असतात, खालचा आणि वरचा. सगळे खालच्याला शिव्या देतात."

हे लाख मोलाचं बोलणं होतं. खुंट्यांजवळ जी आडवी पट्टी असते, जिला गिटारवाले नट म्हणतात, तिच्यातही खाचा असतात. आम्ही एकेक तार तपासली. दांडा दाबून सोडायचा, सूर शेजारी गेला की नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा बोटाने हलकेच दाबायचा. तेवढ्याने सूर जागेवर आला तर दोष वरचा, नाही आला तर खालचा. तीन तारा वर अडकत होत्या, आणि खाली सहाच्या सहा. वरच्या खाचांत शाळकरी पेन्सिलीचं शिसं घासलं. ग्राफाइट हे कोरडं वंगण असल्याने तार त्यावरून लोण्यासारखी सरकते. खर्च पेन्सिलीच्या टोकाइतका. निम्मा रोग तिथेच गेला. दाजींनी पेपरातून विचारलं, "मग आता घोडी कशाला?" पण उरलेला निम्मा रोग शिल्लक होता, आणि लग्नात निम्म्या सुराचे निम्मे पैसे देत नाहीत, काहीच देत नाहीत.

मग मापं. घोडी ज्या दोन खांबांवर उभी राहते त्यांच्यामधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ७४ मिलिमीटर भरलं. हे सगळ्यात महत्त्वाचं माप. एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तर घोडी खांबांवर बसतच नाही. मग खांबांची जाडी, कारण जुन्या धर्तीचे खांब बारीक आणि नव्या धर्तीचे जाड, आणि बारीक खांबावर मोठ्या भोकाची घोडी बसवली तर ती सैल दातासारखी हलते. मग पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतची रुंदी. मग पाठीची गोलाई. गिटारची पट्टी सपाट नसते, किंचित फुगीर असते. भाच्याच्या पट्टीचा फुगवटा बारा इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा निघाला. घोडीची पाठ तितकीच फुगीर हवी, नाहीतर मधल्या तारा जमिनीवर आणि कडेच्या आभाळात. सर्वांत शेवटी उंची. या निकषांवर पासोडी झराझर आखडत गेली आणि चार घोड्या उरल्या.

चाकांचे अवगुणही मी भाच्यापुढे मांडले, कारण मुलगी पाहताना फक्त गुण सांगतात आणि मग जन्मभर निस्तरावं लागतं. चाक सैल असेल तर खुळखुळतं. तार चाकावर टेकते म्हणून आवाजाचा ठसा थोडा मऊ होतो, असं काही कान सांगतात. घाम, गंज आणि धूळ यांनी चाक जाम झालं तर ते खाचेपेक्षा वाईट, कारण खाच घासता येते, जाम चाकाचं काही करता येत नाही. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात मांडवात जी धूळ उडते ती अमेरिकेतल्या कारागिरांनी हिशेबात धरली असेल असं वाटत नाही. तेव्हा तेल घालायचं नाही, त्यावर धूळ बसून चिखल होतो. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ करायचं आणि पेन्सिलीचं शिसं लावायचं.

मग आहे तीच घोडी सोनाराकडून घासून का घेऊ नये? हा विचार मीच बरेच दिवस करत होतो, कारण मनातून मी मिरजेच्या संप्रदायाचा. हाडाची घोडी आणि म्हाताऱ्या कारागिराची कानशी यांतलं सौंदर्य चाकात नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. कानशीचा इलाज ज्या गावात कारागीर आहे त्या गावाचा. घासलेली खाच पुन्हा झिजणार, पुन्हा घासावी लागणार, आणि ती घासताना किती पुरे हे सांगणारा कान शेजारी हवा. भाच्याची गिटार आज केजला, उद्या धारूरला, परवा माजलगावला. रात्री अकराला भर मांडवात तार अडकली तर त्याने मिरजेला फोन लावायचा? हात जवळ असेल तिथे हाड चालतं. हात लांब असेल तर चाक लागतं. यात यंत्र मोठं की कारागीर मोठा हा वाद नाही. अंतर किती आहे, एवढाच प्रश्न आहे.

चौघींपैकी मधल्या किमतीची, पोलादी चाकांची, चाक आणि आस यांच्यात पोकळी नसलेली घोडी ठरली. दाजींनी किंमत विचारली आणि तेवढ्यात एक शेळी येते, शेळी दूधही देते, असं नोंदवलं. पार्सल चौथ्या दिवशी आलं. बीड शहरात नगरहून पहिली रेल्वे आली ती २०२५च्या १७ सप्टेंबरला. ती किती पिढ्या वाट पाहून, हे आठवलं तर चार दिवस म्हणजे काहीच नाही. आम्ही जुनी घोडी उतरवली, नवी चढवली, एकेका तारेचा मधला आणि मोकळा सूर पडताळून चाकांच्या जागा स्क्रूने लावल्या. एक संध्याकाळ त्यात गेली. जुनी घोडी भाचा फेकणार होता; ती मी मागून घेतली. तिच्या सहा खाचा भिंगातून पाहिल्या की गेल्या काही वर्षांतली सगळी लग्नं दिसतात.

चैत्रात माणसं परतली, गावं भरली, मांडव पडले. पहिली सुपारी केजजवळच्या एका गावातली होती. लग्नातल्या मुलाचे आईवडील आदल्याच आठवड्यात कारखान्यावरून आलेले. भाचा रात्री दीडला घरी आला. दाजी जागे होते, हे त्यांनी पुढे कधीही कबूल केलं नाही. अंधारातच त्यांनी विचारलं,

"आली का परत?"

"आली की."

"जागेवर?"

"जागेवर."

"मग झोप आता," दाजी म्हणाले, आणि कुशीवर वळले.